दत्तक कुत्र्याला निरोप देताना: तयारी, निर्णय आणि नंतरची कामं

दत्तक घेतलेल्या कुत्र्याचं म्हातारपण अंदाजानेच मोजावं लागतं. तो कधी जन्मला हे कुणालाच ठाऊक नसतं. पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी दात बघून वय सांगितलेलं असतं खरं, पण कुत्रा मोठेपणी घरी आला असेल तर तो अंदाज दोन-तीन वर्षांनी सहज चुकतो. त्यामुळे आपण 'अजून वेळ आहे' म्हणत असतो, आणि तो मात्र केव्हाच थकलेला असतो. शिवाय त्याचे आधीचे दिवस हालात गेलेले असतात. ते भरून निघावेत, त्याला सुखाचे आणखी काही महिने मिळावेत, असं घरच्यांना फार वाटतं. हे वाटणं स्वाभाविक आहे, पण ही भरपाई आपल्या मनातली असते. कुत्रा असा हिशोब ठेवत नाही. त्याला आजचा दिवस कसा जातोय एवढंच कळतं.

म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मी एकच प्रश्न विचारला आहे: यात तो घाबरेल का? दुखण्यावर औषध आयत्या वेळी देता येतं. भीतीचं तसं नाही, तिची तयारी आधीपासून करावी लागते. आणि ज्याने मार खाल्लाय, ज्याला कुणीतरी कुठेतरी सोडून गेलंय, त्याच्या बाबतीत ही तयारी निम्म्याहून अधिक काम करते.

तो धडधाकट असतानाच

त्याला कशाकशाची भीती वाटते याची यादी आजच लिहून ठेवा. डोक्यावरून येणारा हात, काठी किंवा झाडू, जाड दोरी, अनोळखी पुरुष, घसरडं स्टीलचं टेबल, गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज, केस कापायच्या मशीनची घरघर. तुम्हाला हे पाठ असेल, पण ऐनवेळी नेहमीचे डॉक्टर नसतील, समोर दुसरंच कुणी असेल, आणि तुमची बोलायची अवस्था नसेल. कागद पुढे केला की काम भागतं. 'मागून हात लावू नका, जमिनीवर बसून तपासा, मानेला धरू नका' इतकं नेमकं लिहा.

मग थोडा सराव करा. कुत्र्याला त्रासातून सोडवण्यासाठी, म्हणजे शांत मरण देण्यासाठी, डॉक्टर शेवटचं इंजेक्शन बहुतेक वेळा पुढच्या पायाच्या शिरेतून देतात, कधी मागच्या पायातून. तेव्हा रोज खाऊ देताना पाय दोन-चार सेकंद हातात धरायचा, कोपराच्या वर हलकेच दाबायचं आणि सोडून द्यायचं. केस कापायचं मशीन लांब ठेवून चालू करायचं आणि खाऊ द्यायचा, मग दिवसागणिक थोडं जवळ आणायचं. तोंडाला लावायच्या जाळीत खाऊ ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्यायचं. एखादी सतरंजी फक्त त्याची ठेवा आणि त्याच्या सगळ्या छान गोष्टी तिच्यावर होऊ द्या. ही सतरंजी पुढे कुठेही नेता येते. या सरावाचा संबंध मरणाशीच असतो असंही नाही, रक्ततपासणीला आणि नखं कापायलाही तो उपयोगी पडतो.

याच काळात डॉक्टरांना विचारून घ्या: तुम्ही घरी येता का? नसाल येत, तर कोण येतं? रात्री-अपरात्री आणि सुटीच्या दिवशी कुठे जायचं? हे प्रश्न लांबणीवर टाकण्यासारखे नाहीत. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये, विशेषतः मोठ्या अंगाच्या, प्लीहेत कधीकधी रक्तवाहिन्यांची गाठ वाढत असते आणि बाहेरून काही कळत नाही. ती फुटली की सकाळी फिरून आलेला कुत्रा संध्याकाळी उठू शकत नाही, हिरड्या पांढऱ्या पडतात, पोट फुगतं. तेव्हा फोन नंबर शोधत बसायला वेळ नसतो.

दुखतंय की नुसतं वय झालंय?

कुत्री दुखणं लपवतात, आणि ज्यांनी उघड्यावर दिवस काढलेत ती त्यात अधिकच पटाईत असतात. कण्हणं, ओरडणं ही फार उशिराची लक्षणं. त्याआधी दिसतं ते असं: थंडाव्यातही धाप लागल्यासारखं श्वास घेणं, रात्री सारखी जागा बदलणं, बसताना दोन-तीनदा विचार बदलणं, एकच सांधा चाटत राहणं, पायरीपाशी थबकणं, नेहमी दाराशी येणारा आता जागेवरूनच शेपूट हलवणं, किंवा उलट, कधी नव्हे तो अंगाला चिकटून राहणं.

इथे दत्तक कुत्र्यांची एक खास अडचण आहे. 'खातोय ना, मग ठीक आहे' हा घरोघरचा निकष त्यांना लावता येत नाही. उपासमार सोसलेला कुत्रा शेवटच्या आठवड्यातही ताट चाटूनपुसून साफ करतो. अन्न समोर आलं की खाऊन टाकायचं, ही त्याची जुनी सवय असते. म्हणून भूक टिकून आहे याला फार वजन देऊ नका. ज्या गोष्टी तो निव्वळ आनंदासाठी करायचा त्यांच्याकडे बघा: उन्हात लोळणं, ठरावीक माणसाचं स्वागत, एखादा फाटका चेंडू.

मोजता येण्यासारखं एक लक्षण आहे ते श्वासाचं. गाढ झोपेत असताना छाती वर जाऊन खाली आली की एक, असं पूर्ण मिनिटभर मोजा. झोपेतला आकडा मिनिटाला ३० च्या आत हवा. तो सातत्याने वर जात असेल तर हृदय किंवा फुफ्फुसं तपासून घ्या, आणि सोबत तोंड उघडं टाकून, मान ताणून श्वास चालला असेल तर त्याच घडीला निघा.

दवाखान्यात नेताना घरचे व्हिडिओ सोबत न्या. भेदरलेला कुत्रा तिथे लंगडतही नाही, इतका तो ताणलेला असतो. डॉक्टरांना दिसतो तो कुत्रा वेगळा आणि पहाटे तीन वाजता घरात येरझाऱ्या घालणारा वेगळा. या रात्रीच्या येरझाऱ्या दुखण्यामुळे असू शकतात किंवा म्हातारपणी मेंदू थकल्यामुळेही. कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला थांबणं, ओळखीच्या माणसाकडे कोऱ्या नजरेने बघणं, ही दुसऱ्या प्रकारची लक्षणं.

निर्णयाची घाई करण्याआधी वेदनाशामकाचा प्रामाणिक प्रयोग करून बघाच. रक्त तपासून, मूत्रपिंड आणि यकृत सांभाळून कुत्र्यांसाठीच्या सूजरोधक गोळ्या देता येतात, जोडीला गॅबापेंटिन देतात, आणि सांधेदुखीसाठी बेडिनव्हेटमॅब हे महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आता मिळतं, त्याला युरोपात २०२० मध्ये मान्यता मिळाली. 'वय झालं' म्हणून सोडून दिलेले कित्येक कुत्रे औषध लागू पडल्यावर दोन आठवड्यांत पुन्हा पायऱ्या चढू लागतात. मात्र माणसांची औषधं घरच्या घरी देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला घातक ठरतं.

निर्णय

कर्करोगतज्ज्ञ पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये एक मोजपट्टी मांडली, ती आजही जगभर वापरतात. वेदना (श्वासाचा त्रास यातच धरतात), भूक, पाण्याचं प्रमाण, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबी. प्रत्येकीला ० ते १० गुण, आणि जितके गुण जास्त तितकी स्थिती चांगली. बेरीज ३५ च्या वर असेल तर सेवा-शुश्रूषा चालू ठेवणं रास्त मानतात.

मोजपट्टी चांगली आहे, पण बेरजेवर विसंबू नका. श्वासाला २ आणि बाकी सगळ्याला ८ मिळाले तरी बेरीज झकास दिसते, आणि कुत्रा मात्र गुदमरत असतो. माझ्या मते श्वास लागणं, न थांबणारं दुखणं आणि एकामागून एक येणारे झटके यांपैकी काहीही असलं तर बाकीचे रकाने भरायची गरज नाही. भुकेच्या गुणांबद्दल वर लिहिलंच आहे.

गुण घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे द्यावेत, एकमेकांचा कागद न बघता. जो दिवसभर घरी असतो आणि रात्री उठून त्याला पुसून काढतो, त्याचे गुण बहुधा कमी येतात. ते अधिक खरे धरा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री चांगल्या दिवसाला टिक, वाईटाला फुली करा. आठवण नेहमी लबाडी करते, कालच्या एका छान संध्याकाळीमागे अख्खा आठवडा झाकला जातो.

'वेळ आली की तोच डोळ्यांनी सांगेल' असं तुम्हाला अनेकजण सांगतील. काहींच्या बाबतीत तसं होतही असेल, पण त्यावर भिस्त ठेवू नका. दुखणं लपवण्यात आयुष्य गेलेला प्राणी सांगेल ते फार उशिरा सांगेल. तसंच 'झोपेतच शांतपणे जाऊ दे' ही इच्छा. असं मरण कुणाकुणाला येतं, पण मूत्रपिंडं किंवा हृदय निकामी होऊन येणारं नैसर्गिक मरण बहुतेकदा तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस चालतं. नैसर्गिक मरणाचीच वाट बघायचं कुणी ठरवलं असेल तर तोही मार्ग आहे, मात्र तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पुरेशी वेदनाशामकं हाताशी ठेवून आणि 'अमुक झालं तर थांबायचं नाही' असं लिहून ठेवून चालावा. औषधांविना नुसतं बघत बसणं म्हणजे शुश्रूषा नव्हे.

डॉक्टरांना थेट विचारा, 'हा तुमचा असता तर तुम्ही काय केलं असतं?' एरवी ते मत द्यायचं टाळतात, या प्रश्नाला बहुतेकजण सरळ उत्तर देतात. आणि अनेक पशुवैद्य सांगतात तेही ऐकून ठेवा: एक दिवस उशीर होण्यापेक्षा एक आठवडा आधी बरं. तरीही तारीख ठरवली की आपण विश्वासघात करतोय असं वाटतं. विशेषतः त्या दिवशी तो नेमका उठून अंगणात गेला तर. एका चांगल्या सकाळीने निर्णय फिरवायचा का, हे कॅलेंडर बघून ठरवा.

तो दिवस

जागेपासून सुरुवात करू. घरी, त्याच्या सतरंजीवर, हे सगळ्यांत उत्तम. पण अनोळखी माणूस घरात शिरला की सैरभैर होणारा कुत्रा असेल तर ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातलं अंगण किंवा तुमच्याच गाडीची मागची सीट अधिक बरी. दवाखान्यात जायचंच असेल तर दिवसातली शेवटची वेळ मागा, थेट आत घ्यायला सांगा, टेबलाऐवजी जमिनीवर करायला सांगा. ही मागणी मुळीच वावगी नाही.

भित्र्या कुत्र्यासाठी घरूनच द्यायच्या शामक गोळ्या मिळतात, गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन यांसारख्या. त्या साधारण दीड-दोन तास आधी द्याव्या लागतात. शक्य असेल तर आधीच्या एखाद्या तपासणीच्या वेळी वापरून पाहा, म्हणजे त्याला किती पुरतं हे डॉक्टरांना कळेल. फॉर्मवर सही, पैसे, देहाचं काय करायचं, गळपट्टा परत हवा का, पंजाचा ठसा किंवा केसांची बट हवी का, हे सारं आदल्या दिवशी उरकून टाका. नंतर त्याच्यापाशी नुसतं बसायचं काम उरलं पाहिजे.

पुढे काय घडतं ते नीट समजून घ्या, कारण माहिती नसली की साध्या गोष्टीचाही धसका बसतो.

आधी कातडीखाली किंवा स्नायूत गुंगीचं इंजेक्शन देतात. हे थोडं झोंबतं, तेवढ्यापुरता तो दचकेल. पाच ते पंधरा मिनिटांत तो जड होतो, मान टाकतो. काहींना उलटी होते. डोळे उघडेच राहतात, पण त्याला पुढचं कळत नसतं. काही ठिकाणी ही पायरी गाळतात. दत्तक आणि भित्र्या कुत्र्यासाठी ती गाळू देऊ नका, आधीच सांगून ठेवा. मग पायावरचे थोडे केस काढून शिरेत सुई बसवतात आणि पेंटोबार्बिटाल देतात. हे मुळात भुलीचं औषध, इथे ते फार मोठ्या मात्रेत असतं. आधी मेंदू बंद होतो, मग श्वास, मग हृदय. बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत सगळं होतं, अनेकदा सुई रिकामी व्हायच्या आत. रक्तदाब फार खाली गेलेला असेल तर शीर सापडत नाही, मग डॉक्टर दुसऱ्या मार्गाने औषध देतात. त्यासाठी तो पूर्ण बेशुद्ध असायलाच हवा.

नंतर डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतात. यानंतरही कधीकधी एखादा मोठा श्वास घेतल्यासारखी छाती हलते, कातडी थरथरते, लघवी किंवा शी होते. डोळे मिटत नाहीत. हे शरीराचे आपोआपचे झटके असतात, त्यात तो नसतो. खाली शोषून घेणारी चादर आधीच अंथरा.

जवळ कोणी थांबायचं? याबाबत माझं मत ठाम आहे. निदान गुंगी चढेपर्यंत तरी त्याचं एक माणूस त्याच्या तोंडाशी हवं. ज्याला पूर्वी कुणी टाकून गेलं होतं, त्याने शुद्धीतल्या शेवटच्या मिनिटांत आपलं माणूस दारातून बाहेर जाताना बघू नये. गुंगी चढल्यावर तुम्हाला बघवत नसेल तर खुशाल बाहेर जा, त्यात काही कमीपणा नाही. तुम्हाला मुळीच जमणार नसेल तर त्याच्या ओळखीचं, ज्याच्या आवाजाने तो निवांत होतो असं दुसरं कुणी बसवा. रडू आलं तर येऊ द्या, पण आवाज नेहमीचा ठेवायचा प्रयत्न करा, रोज रात्री झोपवताना जे काही बोलता तेच बोला.

देह

काही तासांत शरीर ताठरू लागतं. त्याआधी पाय पोटाशी घेऊन, तो झोपायचा तसा वळवून ठेवा, नाहीतर नंतर उचलणंही अवघड होतं. खाली शोषक कापड, आणि जागा थंड. लगेच काही करता येणार नसेल तर दवाखान्यात शीतपेटी आहे का विचारा.

दहन करायचं असेल तर दोन पद्धती असतात: एकट्याचं आणि सामुदायिक. रक्षा परत हवी असेल तर एकट्याचंच सांगावं लागतं, आणि ते लेखी घ्या. दफन करणार असाल तर स्थानिक नियम आधी बघा, खड्डा तीन-चार फूट खोल घ्या, विहीर, ओढा यांपासून लांब. खोलीचा आग्रह यासाठी की पेंटोबार्बिटाल देहात आणि मातीत दीर्घकाळ टिकतं. कोल्ह्याने, गिधाडाने किंवा दुसऱ्या कुत्र्याने उकरून खाल्लं तर तेही दगावतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापड पुरे.

मरणाचं कारण कळलं नसेल आणि घरात आणखी कुत्री असतील तर शवविच्छेदनाचा विचार करा. त्यासाठी देह थंड ठेवायचा असतो, गोठवायचा नसतो.

कुत्र्यासाठी एवढं सगळं कशाला, असं कुणी म्हणेल. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला १९१४ मध्ये एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा एकत्र पुरलेले सापडले, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे. त्या पिल्लाच्या दातांवरून संशोधकांनी निष्कर्ष काढला की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार झाला होता आणि माणसांनी शुश्रूषा केल्याशिवाय ते आठवडेच्या आठवडे जगलं नसतं. आजारी पिल्लू कुणाच्याही कामाचं नव्हतं, तरी त्याला सांभाळलं आणि आपल्या माणसांसोबत पुरलं. तेव्हा ही हौस काही नवी नाही.

घरातले बाकीचे

मुलांना सरळ 'तो मेला' असं सांगा. 'झोपला' किंवा 'दूर गेला' म्हटलं तर लहान मूल झोपायला घाबरतं किंवा दाराशी वाट बघत बसतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मरण कायमचं असतं हे पटत नाही, ते पुन्हापुन्हा तेच विचारेल, आणि तुम्हाला पुन्हापुन्हा तेच उत्तर द्यावं लागेल. 'मी त्याची शेपूट ओढली म्हणून का?' हा प्रश्न त्याने विचारला नाही तरी त्याचं उत्तर देऊन टाका.

दुसरा कुत्रा असेल तर त्याला देह हुंगू द्या, मनाविरुद्ध जवळ ओढू नका. इटलीत २०२२ मध्ये ४२६ पालकांकडून माहिती घेतलेल्या अभ्यासात, सोबतचा कुत्रा गेल्यावर उरलेल्याच्या वागण्यात वाईट फरक पडल्याचं ८६ टक्क्यांनी सांगितलं: जास्त लक्ष मागणं, खेळणं आणि खाणं कमी होणं. जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा पूर्वीच्याच ठेवा. दोन दिवस अजिबात खाल्लं नाही तर दुःख समजून बसू नका, तपासून घ्या.

आणि तुम्ही. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही त्याबद्दल लिहिलं, त्यात पाळीव प्राण्याचं जाणं अगदी चपखल बसतं. रजा मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही, 'दुसरा आण' हा सल्ला मात्र लगेच येतो. दीर्घ आजारपणानंतर सुटल्यासारखंही वाटतं, आणि त्याचीच लाज वाटते. महिनोन्‌महिने रात्री दोनदा उठलेल्या माणसाला सुटल्यासारखं वाटणारच. झोप आणि जेवण बरेच आठवडे बिघडलेलं राहिलं, किंवा आपणही नसावं असे विचार आले, तर समुपदेशकाकडे जा आणि कारण कुत्रा आहे हे न बिचकता सांगा.

राहिलेली कामं

ज्या संस्थेकडून किंवा व्यक्तीकडून तो आणला त्यांना कळवा. दत्तक देतानाच्या करारात अनेकदा तशी अट असते, शिवाय त्यांच्याकडे त्याचा जुना फोटो किंवा तुम्हाला माहीत नसलेला काही तपशील निघू शकतो. मायक्रोचिपच्या नोंदीत बदल करा, लसीकरणाची स्मरणपत्रं बंद करायला सांगा, नाहीतर सहा महिन्यांनी अचानक 'लस द्यायची वेळ झाली' असा संदेश येतो. न उघडलेली औषधं डॉक्टरांकडे द्या, ओळखीच्या कुत्र्याला परस्पर देऊ नका. मळलेली सतरंजी धुवायची घाई नसेल तर राहू द्या.

नवा कुत्रा कधी आणायचा याला ठरलेली मुदत नाही. पण गेलेला कुत्रा पार्व्हो या विषाणूजन्य आजाराने गेला असेल तर ही मुदत विषाणू ठरवतो. तो जमिनीत, फटींत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही तग धरतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. फरशी आधी साबणाने स्वच्छ धुवा, मग साधं घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ३० भाग असं मिश्रण किमान १० मिनिटं ओलं राहू द्या. माती आणि गादी अशी निर्जंतुक होत नाही, म्हणून गादी टाकून द्या, आणि त्या घरात लसींचा पूर्ण क्रम झालेला मोठा कुत्राच आणा, पिल्लू नको.